जुन्या सराईत कोण राहिलं ते पुरे, ती बांधली कशी ते पण लिहा

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या सहलीवर लेख येतात ते मी इथे ब्रिस्टलला बसून आवर्जून वाचते, पण एक गोष्ट सारखी खटकते. जुनी इमारत आली की कोण राजा तिथे राहिला, कोण लेखक जेवला एवढंच असतं, ती बांधलीय कशी आणि तशीच का बांधली यावर एक ओळसुद्धा नाही.

उदाहरण देते. बाथ शहराच्या दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटरवर नॉर्टन सेंट फिलिप नावाचं छोटं गाव आहे, तिथे 'द जॉर्ज' ही जुनी सराई आहे. राजाविरुद्धच्या 1685 च्या बंडात बंडाचा नेता ड्यूक ऑफ मॉन्मथ याचा मुक्काम इथे होता, आणि 1668 साली रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युअल पीप्स बाथला जाताना या गावात जेवला होता, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण बिल्डिंग त्यांच्याही आधीची आहे हो! शेजारच्या हिंटनच्या मठाने लोकरीच्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ती उभी केली, म्हणजे राहायची सोय आणि माल ठेवायचं गोदाम एकाच छपराखाली, घोडागाड्यांचा धंदा नंतर आला.

रस्त्यावरून बघितलं तर खालचा मजला दगडी आणि वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे, मधल्या जागेत प्लास्टर, आणि वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्याकडे पुढे आलेला. लोकांना वाटतं ही नुसती शोभा आहे, पण तसं नाही. वरच्या मजल्याच्या जमिनीखालच्या तुळयांची टोकं भिंतीच्या बाहेर काढून त्यावर वरची भिंत उभी केली की तिच्या वजनाने टोकं खाली दाबली जातात आणि खोलीच्या मधोमध तुळई कमी वाकते, वर खोलीही मोठी मिळते. ओकचं लाकूड तेव्हा ओलं असतानाच कापून, सांधे करून, लाकडी खुंट्या ठोकून बसवायचे, मग ते जागेवरच वाळायचं आणि वाळताना पिळवटायचं, म्हणून अशा घरांच्या रेषा तिरप्या दिसतात. आमच्या ओळखीचे एकजण तेच बघून म्हणाले की पडायला आलीय, अहो ती पाचशेपेक्षा जास्त वर्षं तशीच उभी आहे!

मधल्या कमानीतून सरळ मागच्या अंगणात जाता येतं आणि खरी मजा तिथे आहे. एका बाजूला लाकडी सज्जा, आणि दगडी अष्टकोनी बुरुजात गोल फिरत वर जाणारा जिना. आत आल्यावर वाड्याच्या चौकात उभं राहिल्यासारखं वाटतं, फरक एवढाच की इथली सगळी मांडणी परक्या माणसांसाठी आणि त्यांच्या जनावरांसाठी केलेली.

आणि ही टिकली कशी तेही लिहायला हवं. 1784 मध्ये ब्रिस्टल ते लंडन टपालाची घोडागाडी सुरू झाली, रस्त्यात ठराविक टप्प्यांवर घोडे बदलायचे, त्यामुळे अशा सराया जोरात चालल्या, आणि हातात पैसा आला तशी बऱ्याच मालकांनी जुन्या लाकडी घरांना पुढून विटांची, दगडाची नवीन सपाट भिंत लावून घेतली. मग 1841 ला लंडन-ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली आणि लांब पल्ल्याच्या घोडागाड्यांचा धंदा बसला. जॉर्जचा दर्शनी भाग मात्र जुनाच राहिला, म्हणून आज जे समोर दिसतं ते दुसरीकडे नव्या भिंतीमागे शोधावं लागतं. आता ती तिथल्या ऐतिहासिक इमारतींच्या ग्रेड वन यादीत आहे, म्हणजे संरक्षणाचा सगळ्यात वरचा दर्जा, तरी तिथे आजही जेवायला बसता येतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, वापर चालू राहिला की छप्पर गळायला लागलेलं लगेच कुणाच्या तरी लक्षात येतं.

आपल्याकडचे बरेच लोक बाथ आणि स्टोनहेंज एकाच दिवसात करतात, त्यांना वाट थोडी वाकडी करून इथे जाता येईल. म्हणून विनंती आहे की असे लेख छापताना फोटोसोबत एक साधा नकाशा द्या, कमान कुठे, अंगण कुठे, जिना कुठे एवढा जरी असला तरी चालेल. जॉर्जच्या अंगणाचं मी हाताने काढलेलं स्केच आहे, हवं असेल तर कळवा, स्कॅन करून पाठवते.

एक वाचक, ब्रिस्टल