दाराशी आलेल्या बाईबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. त्या पावसाच्या रात्री दाराशी आलेल्या बाईबद्दल तू जे लिहिलंयस, ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. तू तिला पैसे दिलेस, छत्री दिलीस आणि दार लावून घेतलंस. कोण, कुठली, काही माहीत नव्हतं, घरात मुलं होती, हे सगळं खरं. तरी झोप लागत नाही म्हणतोस. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढंच लिहायला माझा हात धजत नाही, कारण ते मनाला लागलं हे मला बरंच वाटतं. त्यापेक्षा एका गावाबद्दल लिहितो. गेला महिनाभर मी त्या गावाविषयी मिळेल ते वाचतोय आणि योगायोग असा की तिथली सुरुवातही दाराशी उभ्या राहिलेल्या एका बाईपासूनच होते.

गावाचं नाव ल शाँबों-सुर-लिन्यों. फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात, साधारण हजार मीटर उंचीच्या पठारावर. थंडी कडक, लोक बहुतेक शेतकरी आणि अबोल. देश कॅथलिक, पण या भागात प्रोटेस्टंट जास्त. 1685 साली चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, तेव्हा यांच्या पूर्वजांनी रानावनात लपून प्रार्थना केल्या होत्या, त्यांचे पाद्री फासावर गेले होते. अडीचशे वर्षं उलटली तरी घराघरांत ते सांगितलं जात होतं. पळणाऱ्या माणसाला काय लागतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जून 1940 मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे हरला. शस्त्रसंधीच्या दुसऱ्याच दिवशी, 23 जूनच्या रविवारी, तिथल्या चर्चमध्ये आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर थेस या दोन पाद्र्यांनी लोकांना सांगितलं की जुलमाला आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करणं हे आपलं कर्तव्य आहे. पण प्रवचन वेगळं आणि रात्री वाजणारं दार वेगळं.

ते दार त्या हिवाळ्यात वाजलं. त्रोक्मेंची बायको माग्दा स्वयंपाकघरात होती. दारात एक जर्मन ज्यू बाई, बर्फाने माखलेली, थरथरणारी. आत येऊ का, असं तिने भीत भीत विचारलं. माग्दाने तिला आत घेतलं, खायला दिलं, तिचे भिजलेले बूट वाळायला चुलीत ठेवले आणि तिच्या कागदपत्रांची काही सोय होते का पाहायला ती गावच्या मेयरकडे गेली. तिला वाटलं, भला माणूस आहे, मदत करील. तो भडकला. एका परक्या बाईसाठी सगळं गाव धोक्यात घालता? उद्या सकाळपर्यंत तिला घालवा, म्हणाला. माग्दा घरी परतली तर बूट जळून गेलेले. रेशनिंगचे दिवस, बूट मिळणं महामुश्कील. धावाधाव करून तिने एक जोड मिळवला, त्या बाईच्या पायात घातला आणि तिला पुढे पाठवून दिलं.

वाचलंस? पाठवून दिलं. ज्या गावाला पुढे जगाने डोक्यावर घेतलं, तिथे आलेल्या पहिल्या बाईला ठेवून घेता आलं नाही. माग्दाला त्याची खंत शेवटपर्यंत राहिली. पण त्यातून ती एक गोष्ट पक्की शिकली: पुन्हा अशा कामासाठी परवानगी मागायला जायचं नाही. कायद्याला धरून चालणारी ही बाई होती, तिला हे सोपं गेलं नसणार.

त्याच सुमारास तिचा नवरा मार्सेल शहरात क्वेकर लोकांकडे, म्हणजे अहिंसा मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे, गेला होता. छावण्यांत डांबलेल्या निर्वासितांमध्ये जाऊन काम करतो, असं त्याचं म्हणणं होतं. तिथे बर्न्स चाल्मर्स नावाच्या अमेरिकन क्वेकरने त्याला सांगितलं की छावण्यांत काम करायला आमच्याकडे माणसं आहेत, आम्ही मुलांना बाहेरही काढू शकतो, पण त्यांना ठेवून घ्यायला गावं तयार नाहीत. तुमचं गाव तयार होईल का? आणि गाव तयार झालं. क्वेकर, स्विस बालमदत संस्था, फ्रेंच प्रोटेस्टंटांची सिमाद अशा संस्थांच्या आधाराने तिथे मुलांची वसतिगृहं उघडली. बाकीचे लोक खाणावळींत आणि दूरदूरच्या शेतघरांत राहिले.

हे चाललं कसं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. चर्चमध्ये तेरा तरुण होते, गावाच्या एकेका भागात बायबलचं वाचन घेणारे. पंधरा दिवसांनी ते त्रोक्मेंकडे जमायचे आणि मग आपापल्या गटाकडे जायचे. निरोप याच वाटेने पोचायचे. नवं काहीच उभारावं लागलं नाही, आधीपासून जमणारी माणसंच या कामाला लागली. खोटे कागद तयार करणारे होते, सीमेपार स्वित्झर्लंडला पोचवणारे होते. आणि सगळ्यांत जास्त होते ते नुसते गप्प राहणारे. शेजारच्या शेतघरात नवीन ‘भाचा’ आलाय, त्याच्या बोलण्याचा ढंग वेगळा आहे, हे ज्यांना दिसत होतं आणि ज्यांनी कुणाकडे चकार शब्द काढला नाही, ते. लिहिणारे त्रोक्मेंबद्दल भरभरून लिहितात. मला मात्र राहून राहून हे शेजारी आठवतात. एकाने तोंड उघडलं असतं तरी सगळं संपलं असतं.

ऑगस्ट 1942 मध्ये पोलीस बसगाड्या घेऊन ज्यूंना न्यायला आले. त्रोक्मेंकडे यादी मागितली, त्यांनी दिली नाही. पोलिसांनी घरं, शेतं, रानं धुंडाळली. सापडला एक माणूस. रिकाम्या बसमध्ये तो एकटाच बसलेला. आणि मग गावकरी एकेक करून बसपाशी यायला लागले. त्रोक्मेंच्या मुलाने जपून ठेवलेला चॉकलेटचा शेवटचा तुकडा त्याला दिला. बाकीच्यांनी जे काही होतं ते आणलं, आणि त्याच्या शेजारी खाऊचा ढीग झाला. पुढे तो माणूस सुटलाही. मला तो ढीग डोळ्यांपुढून हलत नाही.

सगळं असं गोड झालं नाही. फेब्रुवारी 1943 मध्ये त्रोक्मे, थेस आणि शाळाप्रमुख दार्सिसाक यांना अटक झाली. न्यायला आलेल्या पोलिसांना माग्दाने जेवायला बसा म्हटलं, कारण जेवणाची वेळ होती! तिघे काही आठवड्यांनी सुटले. पण जूनमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहावर धाड घातली. ते सांभाळणारा त्रोक्मेंचा नातलग दान्येल तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर पकडला गेला आणि 1944 मध्ये नाझींच्या मायदानेक छावणीत मेला. गावचे डॉक्टर ल फोरेस्तिए यांना त्याच वर्षी गोळ्या घातल्या गेल्या. तेव्हा मेयरची भीती काही उगाच नव्हती, हे मान्य करायला हवं. धोका खराच होता. 1990 मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेने शाँबों आणि आसपासच्या गावांचा एकत्रित गौरव केला. युद्धानंतर अनेकांनी त्या लोकांना विचारलं, तुम्ही हे का केलंत? त्यांना तो प्रश्नच कळायचा नाही. दाराशी माणूस आलं होतं, दुसरं काय करणार, असा त्यांचा सूर.

तू विचारशील, त्या काळाशी माझ्या दाराची काय तुलना? तुलना नाहीच. तुझ्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती, आणि त्या बाईच्या मागे गेस्टापो नव्हता. पण तू एकटा होतास, आणि माग्दाही त्या पहिल्या रात्री एकटीच होती. तुझ्या गल्लीत चर्चची ती मंडळी राहतात, रविवारी जमतात. समोरच्या काकू आहेत, त्यांची मागची खोली रिकामी असते. तू त्यांच्यातल्या कुणाला अजून काही सांगितलेलंच नाहीस, असं पत्रावरून दिसतं. लाजेमुळे सांगितलं नसशील. सांग. तुला वाटतं तसं तोंड कुणी फिरवणार नाही. पुढच्या वेळी दार वाजेल तेव्हा निदान एक खोली तयार आहे आणि चार माणसांना हाक मारता येते, हे तुला माहीत असेल.

आणि एक. तू शेवटी सहज लिहिलंयस की दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री फाटकाला अडकवलेली सापडली. म्हणजे ती फार लांब गेलेली नाही. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. चहा घेऊ आणि दोघं मिळून विचारत फिरू. तोपर्यंत काकूंशी बोलून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती