बाबांच्या पुतळ्याविषयी दादास पत्र

क्योतो,
२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र मिळाले. बाबांच्या वर्षश्राद्धापूर्वी त्यांचा सिलिकॉनचा हुबेहूब पुतळा करून ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसवावा, त्याला त्यांचेच धोतर, सदरा आणि चष्मा घालावा, असे आईच्या मनात आले आहे, आणि थोडे पैसे जास्त दिल्यास मानेत मोटर बसवून ती हलती करून देण्याची तयारीही कारागिराने दाखवली आहे, असे तू लिहितोस. होकार कळवण्यापूर्वी मला विचारलेस, हे फार बरे केलेस. फोनवर मला हे धड बोलता आले नसते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

येथे जपानात या गोष्टीचा विचार फार पूर्वीच झालेला आहे. मासाहिरो मोरी नावाच्या यंत्रमानवशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७० साली ‘एनर्जी’ नावाच्या नियतकालिकात एक छोटासा निबंध लिहिला. यंत्र जसजसे माणसासारखे दिसू लागते, तसतशी त्याच्याविषयी आपल्याला आपुलकी वाटू लागते. परंतु साम्य जवळजवळ पूर्ण होत आले की ती आपुलकी एकाएकी कोसळते आणि अंगावर शहारा येतो, असे त्यांचे म्हणणे होते. आलेखातल्या त्या खोल खळग्याला त्यांनी ‘बुकिमी नो तानी’, म्हणजे अंगावर काटा आणणारी दरी, असे नाव दिले. त्यांनी दिलेले एक उदाहरण कृत्रिम हाताचे आहे. त्या हाताला शिरा असतात, नखे असतात, बोटांचे ठसेसुद्धा असतात, त्यामुळे पाहणाऱ्याला तो खराच वाटतो. पण तोच हात हातात घेतला की आत हाडे नसल्यासारखी ती लिबलिबीत पकड आणि तो गारवा जाणवतो आणि माणूस दचकतो.

हे वाचले तेव्हा मला गेल्या वर्षीची ती सकाळ आठवली. मी विमानतळावरून थेट घरी आलो तेव्हा बाबांना ओसरीवर ठेवले होते, आणि चेहरा अगदी दुपारच्या झोपेतला वाटला, म्हणून मी त्यांचा हात धरला. त्या गारव्याने मी हात मागे घेतला, हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. मोरी यांनी त्या दरीच्या तळाशी मृतदेह ठेवला आहे, हे कळल्यावर मला थोडा धीर आला. आपल्याच बापाच्या हाताला आपण दचकलो, यात प्रेमाची उणीव नव्हती. आईला पुतळा हवा आहे तो मात्र हात धरण्यासाठीच, आणि सिलिकॉनचा हातही गारच असतो.

मानेतल्या मोटरीविषयी तर मला काहीच शंका नाही, ती नकोच. हालचालीने ही दरी अधिक खोल होते, असे मोरी यांनीच लिहिले आहे. १९७० च्या ओसाका येथील विश्वप्रदर्शनात एक यंत्रमानव होता, ज्याच्या चेहऱ्यात कृत्रिम स्नायूंच्या २९ जोड्या बसवून त्याला हसायला शिकवले होते. त्याच हसण्याचा वेग निम्मा केला की ते हसू राहत नसे, भेसूर दिसे. तज्ज्ञांच्या हातून घडलेल्या यंत्राची ही कथा, तर आपल्या ओसरीवरची मान रात्री दिवे गेल्यावर अर्धवट वळून थांबली, तर आईचे काय होईल याचा विचार कर.

असे का होते, याबद्दल संशोधकांत एकमत नाही. कोणी याचा संबंध मरणाच्या भयाशी जोडतो, कोणी दिसणे आणि हालणे यांचा मेळ बसत नाही म्हणून मेंदू गोंधळतो असे म्हणतो. मला सर्वांत पटलेला प्रयोग येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. ७ ते १२ महिन्यांची बाळे आईच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होती, अनोळखी बाईच्या चेहऱ्याकडेही पाहत होती. परंतु संगणकावर त्या दोघींचे चेहरे अर्धे अर्धे मिसळून दाखवले, तेव्हा त्या चेहऱ्याकडे ती कमी वेळ पाहत होती. आई चालते आणि परकी बाईही चालते, पण अर्धी आई लेकराला नको असते.

येथे कोदाईजी नावाच्या मंदिरात २०१९ पासून ‘माइंडार’ नावाची यंत्ररूप कान्नोन आहे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. बाबांनी आपल्याला कान्हेरीला नेऊन ज्याची अकरा मस्तकांची मूर्ती दाखवली होती, तोच. ही मूर्ती प्रज्ञापारमिता हृदयसूत्र या बौद्ध सूत्रावर प्रवचन करते. चेहरा, हात आणि खांदे तेवढे सिलिकॉनच्या त्वचेने झाकले आहेत. बाकी अंगावर ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि तारा उघड्या दिसतात. मी प्रथम पाहिले तेव्हा बिचकलो, पण थोड्या वेळाने त्या उघड्या तारांकडे पाहूनच मन स्थिरावले. ती मूर्ती माणूस असल्याचा बहाणा करत नाही. उरलेले रूप पाहणाऱ्याने आपल्या मनाने भरायचे असते.

आपल्याकडे हे कोणी निबंधात लिहिले नाही, तरी केले आहे. उभ्या गौरींना आपण साडी नेसवतो, दागिने घालतो, माहेरवाशीण म्हणून जेवू घालतो, आणि तरी लहानपणी तुला किंवा मला त्यांची कधी भीती वाटली नाही, कारण मुखवटा हा मुखवटाच असतो आणि तिसऱ्या दिवशी त्यांची पाठवणी होते. देवघरातले पूर्वजांचे टाक आठव. तळहातात मावणाऱ्या त्या चांदीच्या पत्र्यांवर पणजोबांचा चेहरा मुळीच ओळखू येत नाही, आणि तरीही आजी त्यांना नावाने हाक मारून गंध लावत असे.

काही घरांतून असे पुतळे बसवले गेले आहेत आणि तेथील माणसांना समाधान लाभलेही असेल. त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण आई रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खुर्चीशी दिवसभराचे बोलते, असे तूच लिहिले आहेस. खुर्चीने उत्तर दिले नाही तरी तिला चालते. बाबांच्या चेहऱ्याने, चष्म्याआडून तिच्याकडे पाहत, रोज गप्प राहावे, हे तिला सोसेल असे मला वाटत नाही.

मोरी यांनी बुद्धमूर्ती घडवणाऱ्या एका कारागिराने केलेल्या लाकडी हाताची वाखाणणी केली आहे; त्याला ठसे नव्हते, रंग लाकडाचाच होता, पण पाहून कोणी दचकत नसे. तसेच काही आपण करू. सोनाराकडून बाबांचा टाक करून घे, त्याचा खर्च माझ्याकडे. आईला हे पत्र तू स्वतः वाचून दाखव. बाबांच्या हाताचा भाग वगळू नकोस. एवढे ऐकूनही तिला पुतळाच हवा असेल, तर मी अडवणार नाही, फक्त मोटर बसवू देऊ नकोस.

मी मार्गशीर्षात १५ दिवसांची रजा घेऊन येत आहे. बाबांचा चष्मा कपाटाच्या वरच्या खणात आहे. तो मापासाठी कोणाकडे देऊ नकोस, मी येईपर्यंत तेथेच असू दे.

आईस शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा