गावची जमीन विकायचं म्हणतोयस, त्याआधी हे वाच

सोन्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मी आणि बाबांनी दोनदा ऐकला. वहाळाकडची खाचरं विकून टाकूया, पडीकच आहेत, कोण जाणार तिकडे, आणि तो माणूस भाव पण बरा देतोय. कळलं. फोनवर बोलायचं तर तुझी सकाळ म्हणजे इथे हवाईत, ताईकडे, आदल्या दिवशीची संध्याकाळ, त्यात तुझं "आई मीटिंग आहे, नंतर करतो", म्हणून टाइप करतेय, एका बोटाने, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नको आणि अर्ध्यात सोडू पण नको.

वायकिकीच्या समुद्रकिनाऱ्याचं काही लिहीत नाही, फोटो ताईने ग्रुपवर टाकलेत, बाबांचा फुलाफुलांचा शर्ट पण बघितलायस. मला सांगायचंय ते हेएइयाचं. होनोलुलूपासून गाडीने डोंगराच्या पलीकडे गेलं की बेटाची पावसाची बाजू लागते, मागे कोओलाउ डोंगर, उभे कडे, चुण्या पाडल्यासारखे, आणि सर येऊन गेली की प्रत्येक चुणीतून पाणी. ताई अधूनमधून शनिवारी ऑफिसच्या लोकांबरोबर तिथे श्रमदानाला जाते, या वेळी आम्हाला पण घेऊन गेली. मला वाटलं आपण सावलीत बसून बघायचं. कसलं काय, पोहोचल्या पोहोचल्या हातात बूट दिले.

काय लावतात माहितीये? अळू! आपलंच अळू रे, तीच जात, इथे कालो म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी ही माणसं होड्यांतून समुद्र ओलांडून आली तेव्हा बरोबर रोपं घेऊन आली, त्यात हे होतं. आपण परसात न्हाणीच्या पाण्यावर चार पानं वाढवतो आणि फदफदं करतो, यांच्याकडे खाचरंच्या खाचरं, बांध घातलेली, पाणी खेळतं ठेवलेली. अळूचा कांदा काढला की त्याचा वरचा तुकडा देठासकट कापून ठेवतात आणि तोच परत लावतात, बी वगैरे भानगड नाही. तिथल्या एका आंटीने (इथे मोठ्या बायकांना सगळे आंटीच म्हणतात, मला एकदम घरच्यासारखं वाटलं) मला दाखवायला घेतलं, तर मी साडीचा नाही पण पँटचा काचा मारून सरळ चिखलात. अंगठ्याने भोक पाडायचं, तुकडा सरळ उभा दाबायचा, चिखल गोळा करून पायाने हलकेच चेपायचा. लावणी केलेल्या बाईला काय शिकवायचंय! पण उतरायच्या आधी आंटीने सगळ्यांचे पाय तपासले, जखम असली तर पाण्यात नाही, लेप्टो होतो. बाबांच्या टाचेला भेग होती म्हणून त्यांना बांधावरून गोगलगायी वेचायला बसवलं. बाहेरून आलेली जात आहे, देठावर गुलाबी अंड्यांचे घोस घालते आणि पीक खाऊन टाकते. ते त्यांनी अगदी मन लावून केलं.

जेवायच्या वेळी आंटीने गोष्ट सांगितली. त्यांच्या आदिपुरुषाला पहिलं मूल झालं ते मेलेलंच जन्मलं, ते मातीत पुरलं तर तिथून कालो उगवला, त्याचं नाव हालोआ. मग दुसरा मुलगा झाला, त्याचं नाव पण हालोआ, आणि ही सगळी माणसं त्या दुसऱ्याची. म्हणजे अळू हा थोरला भाऊ, तो खाऊ घालणार आणि धाकट्यांनी त्याला जपायचं. यावर तुझे बाबा काय म्हणाले सांगू? "थोरला गावात राबणार आणि धाकटा पुण्याला जाणार, हे इथे पण आहे होय." ताईने त्याचं इंग्रजी करून सांगितलं तर आंटी हसता हसता खोकायला लागली. कालोचे उकडलेले कांदे कुटून पातळ करतात ती पोई, एक-दोन दिवस ठेवली की आंबते, बाबांना आंबिलीसारखी लागली, दोन वाट्या खाल्ल्या. आणि पोईचं भांडं ताटाजवळ उघडं असेल तेव्हा भांडायचं नाही असा त्यांचा रिवाज, कारण थोरला भाऊ समोर बसलाय. वाटणीची बोलणी करायला बसू तेव्हा तशी पोई मिळते का बघ पुण्यात.

पण लावणी हे शेवटचं काम. त्याच्या आधी आमच्याकडून पाट साफ करून घेतला, गवत उपटायचं, गाळ काढून बांधावर टाकायचा. ओढ्याचं पाणी पाटाने खाचरात आणायचं, या खाचरातून त्या खाचरात आणि शेवटी परत ओढ्यात सोडायचं, सगळं पिऊन टाकायचं नाही. पूर्वी पाट खणायला ज्याने जितकी माणसं दिली त्या हिशोबाने त्याची पाण्याची पाळी ठरायची, आणि दुरुस्तीला आला नाही तर पाणी पण नाही. डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या खडकांपर्यंतची अख्खी पट्टी एक धरायचे, तिला आहुपुआआ म्हणतात, वर लाकूडफाटा, मधे खाचरं, खाली मासे, म्हणजे वरच्याने पाणी घाण केलं तर खालच्याचं जेवण जातं हे सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसायचं.

खालची बाजू पण बघितली. खाडीत दगडी भिंत घालून केलेलं मत्स्यतळं, ८८ एकर, भिंत जवळजवळ दोन किलोमीटर, सहाशे ते आठशे वर्षांपूर्वीची, चुना नाही सिमेंट नाही, दोन बाजूंनी काळे दगड रचून मधे पोवळ्याचे तुकडे भरलेले. भिंतीत जाळीची दारं आहेत, भरतीबरोबर बारीक मासे आत येतात, आत खाऊन जाड झाले की त्या फटीतून बाहेर पडता येत नाही. १९६५ च्या पुरात भिंतीला मोठं भगदाड पडलं ते कितीतरी वर्षं तसंच होतं, २००१ पासून तरुण मुलं मागे लागली आणि डिसेंबर २०१५ मध्ये लोकांनी रांग लावून हातोहात दगड देत ते बुजवलं. आणि गंमत म्हणजे ही मुलं तिथली खारफुटी तोडतात! मला धस्सच झालं, आपल्याकडे कांदळवनाला हात लावला तर गुन्हा. पण इथे खारफुटी मूळची नाहीच, शंभरेक वर्षांपूर्वी बाहेरून आणून लावली, ती भिंतीत मुळं घालून दगड सुटे करते. जांभळाचं पण तेच, आपल्या देशातून आलेलं, इथे रानभर माजलंय. साळुंक्या तर एअरपोर्टपासून. कुठलं झाड चांगलं हे पण जागेवर ठरतं म्हणायचं.

मग काउआई बेटावर गेलो, अर्ध्या-पाऊण तासाचं विमान. वाइमेआची दरी बघून बाबा गप्पच झाले, मग म्हणाले हा तर सह्याद्री. खरंच, तोच काळा बेसॉल्ट, थरावर थर, आणि लाल माती. फक्त हे बेट पन्नास लाख वर्षांचं, आपला डोंगर सहा कोटींच्या वरचा, म्हणजे आपण कितीतरी थोरले. वरच्या जंगलात शिरायच्या आधी ब्रशने बुटांची माती काढून स्प्रे मारायला लावतात, कारण ओहिआ म्हणून त्यांचं मुख्य झाड आहे, लाव्हावर आधी रुजणाऱ्यांतलं, त्याला बुरशीचा रोग लागलाय आणि मातीतून पसरतो. बाबा कुरकुरले, मी दोघांचे बूट घासले.

आता खरा मुद्दा. काउआईच्या उत्तर टोकाला हाएना आहे, रस्ता तिथेच संपतो. एप्रिल २०१८ मध्ये तिथून जवळच चोवीस तासांत ४९.६९ इंच पाऊस पडला, म्हणजे १२६२ मिलिमीटर, अमेरिकेतला रेकॉर्ड (आपल्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ होता, त्यावरून समज). वर्षभराहून जास्त रस्ता बंद. उघडला तेव्हा दिवसाला ९०० च पाहुणे असा नियम आला, बाहेरच्यांनी आधी बुकिंग करायचं, आम्ही पण तसंच केलं. आणि आत गेल्या गेल्या काय, तर कालोची खाचरं, गावच्याच घराण्यांतल्या लोकांनी झाडीतून पुन्हा मोकळी केलेली. सुंदर आहेत, बघत राहावीत अशी. पण ती सरकारी पार्कात आहेत रे. स्वतःच्या आज्यापणज्यांच्या जागेत स्वयंसेवक म्हणून येतात.

त्यांची जमीन कशी गेली ते ताईने संध्याकाळी सांगितलं. हवाईच्या राजाच्या काळात १८४८ ला जमिनींची वाटणी झाली, १८५० ला कायदा आला की कसणाऱ्याने आपला तुकडा स्वतःच्या नावावर करून घ्यावा. त्याला मोजणी पाहिजे, साक्षीदार पाहिजेत, फी पाहिजे. बहुतेकांना ते जमलंच नाही, सगळ्या कसणाऱ्यांच्या पदरात मिळून एकूण जमिनीच्या एक टक्कापण आली नाही. हाएनाच्या लोकांनी तरी हुशारी केली, १८७५ ला वर्गणी काढून अख्खी पट्टी सामाईक विकत घेतली, हिस्से धरले, गुरंढोरं, मासे, पाणी सगळं मिळून. मग पिढ्या वाढल्या, कोणी होनोलुलूला, कोणी त्याही पुढे, काहींचे हिस्से बाहेरच्यांकडे गेले, आणि १९६७ ला कोर्टातून तुकडे पडले. पुढे टुरिझम आला, भाव चढले. याच बेटावर त्या फेसबुकवाल्या झुकरबर्गने ७०० एकर घेतली आणि मधे अडकलेल्या जुन्या तुकड्यांसाठी २०१६ च्या शेवटी कोर्टात दावे लावले. एकेका तुकड्याला कितीतरी वारस, अर्ध्यांना आपण वारस आहोत हेच माहीत नाही. बोंबाबोंब झाली तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये मागे घेतले. पण मला काय दिसलं सांगते, त्याने काही चोरी केली नव्हती, कायद्यात बसतच होतं. वारस विखुरलेले आणि कागद अर्धवट, एवढं असलं की पुढचं वकील करतो.

आता आपला सातबारा काढून बघ. पणजोबांच्या मुलांची नावं, त्यातले सगळे वर गेलेले, आजोबांची वारस नोंद नाही, सुरतेच्या चुलत्यांची मुलं कुठे आहेत ते बाबांनाच धड ठाऊक नाही. आणि तो भाव देणारा माणूस, त्याने एका हिश्श्याचा साठेकरार आधीच केलाय, हे तुला तो सांगणार नाही, मला गावातून कळलं. एकदा तो सामाईकात शिरला की मग आपण विकतोय की नाही हे आपल्या हातात राहत नाही.

विकायचं नाहीच असं मी म्हणत नाही. तू येऊन भात लावशील या भ्रमात मी नाही, आणि जमीन म्हणजे आई वगैरे भाषणं ठोकणारे बहुतेक मुंबईत बसलेले असतात. पण आपली किती, कुठून कुठपर्यंत, कोणाकोणाची, हे माहीत नसताना विकणं म्हणजे दुसऱ्याने ठरवलेल्या भावाला मान हलवणं. आधी नावं लागू देत. ताईचं पण लागणार, तिने स्वतः विचारलंय, तेव्हा चेहरा वाकडा करू नको. आणि पाट मोकळा करू, पाणी आलं तर खालच्या दोन खाचरांत निदान अळू लावता येईल, पाऊस संपल्यावरही वहाळ डिसेंबरपर्यंत वाहतो, मी बघितलाय.

तर कामं. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्कवर ऑनलाइन होतो म्हणतात, तो तू भर, आजोबांचा मृत्यूचा दाखला कपाटात खालच्या खणात निळ्या फाइलमध्ये आहे, लाइटबिलांच्या खाली. मोजणीचा अर्ज बाबा आल्यावर करतील. मेच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस रजा टाक, फावडी गावात आहेत, बूट मी आणतेय. त्या माणसाला तोपर्यंत हो पण नको आणि नाही पण नको, आई परदेशात आहे म्हणून सांग. आणि आत्याला आजच फोन कर, तिची सही लागणार, पण पहिल्याच वाक्यात जमीन काढू नकोस, आधी तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचार, ते सगळं ऐकून घे, मधे मीटिंग आहे म्हणू नको.

आई