पाणी किती मिनिटांत उकळते, हे कुठे मोजले?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत भटकंतीसाठी लागणाऱ्या छोट्या शेगड्यांची तुलना करणारा तक्ता अलीकडे प्रसिद्ध झाला. त्यात शेगडीचे वजन आणि एक लिटर पाणी उकळायला तिला लागणारी मिनिटे, असे दोनच रकाने होते. तो तक्ता वाचून नवखा माणूस सर्वांत हलकी आणि सर्वांत झटपट शेगडी उचलणार, हे उघड आहे. डोंगरात फिरायला लागल्यावर सुरुवातीच्या काळात मीही तेच केले होते आणि त्याचे फळ माझ्या सोबत्याला भोगावे लागले, म्हणून हे पत्र.

ती शेगडी मुठीत मावेल एवढी होती. गॅसच्या डबीच्या तोंडावर ती आट्यांनी फिरवून बसवायची, घडीचे तीन पाय उघडायचे आणि नॉब फिरवून पेटवायची, इतके ते सोपे काम. त्या पायांवर मी दीड लिटरचे पातेले काठोकाठ भरून ठेवले होते. जमीन किंचित उतरती होती, म्हणून डबीखाली एक चपटा दगड सरकवला होता. पाण्याला आधण येऊ लागले तसे पातेले थरथरत कणाकणाने एका बाजूला सरकत गेले. ते माझ्या लक्षात आले आणि मी हात पुढे केला, तोवर डबीसकट सगळे कलंडले आणि उकळते पाणी शेजारी उकिडव्या बसलेल्या मित्राच्या पावलावर गेले. त्याने बूट काढून ठेवले होते, पायात फक्त जाड मोजा होता आणि त्या मोज्याने गरम पाणी धरून ठेवले. मोजा उतरवून आम्ही जवळचे सगळे पिण्याचे पाणी त्याच्या पायावर ओतले. दुसऱ्या दिवशीचा संपूर्ण उतार तो आमच्या दोघांच्या खांद्यांवर भार टाकून उतरला.

त्या दिवसापासून शेगडी हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा तिची बैठक पाहतो. डबीच्या डोक्यावर बसणारी शेगडी हलकी असते, काही तर पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरतात. पण डबी, तिच्यावर बर्नर आणि त्याच्यावर भरलेले पातेले अशी ती उतरंड रचली की सगळा भार वरच्या टोकाला जातो. एकट्या-दुकट्याने कपभर चहा-कॉफी करून घ्यायची असेल, तर अर्ध्या-पाऊण लिटरच्या भांड्यासाठी ती उत्तम आहे आणि डबीखाली बसणारी प्लास्टिकची छोटी तिपाई जोडली तर बराच आधार मिळतो. तीन-चार जणांचा स्वयंपाक करायचा असेल, तर मात्र डबी बाजूला ठेवून नळीने जोडायची, पसरट पायांची, जमिनीलगत बसणारी शेगडी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. तिचे शंभर-दीडशे ग्रॅम जास्तीचे वजन पाठीला कळतही नाही.

आता त्या मिनिटांच्या रकान्याविषयी. वीस अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते आणि डबीतला एक ग्रॅम गॅस सुमारे ४५ किलोज्यूल उष्णता देतो. हिशेबाने साडेसात ग्रॅम गॅस पुरला पाहिजे. प्रत्यक्षात बरीचशी धग भांड्याच्या कडेने निसटत असल्यामुळे वारा नसतानाही बारा ते पंधरा ग्रॅम खर्च होतात, म्हणजे शंभर ग्रॅम गॅसच्या डबीत सात-आठ लिटर पाणी उकळते. हा हिशेब पडलेल्या हवेतला आहे. डोंगरमाथ्यावर संध्याकाळी वारा सुटला की ज्योत भांड्याखालून एका बाजूला झुकते, नॉब पूर्ण उघडूनही पाणी कोमटच राहते आणि गॅसचा खर्च सहज दुप्पट होतो. वारा जोराचा असेल तर डबी संपते, पण आधण येत नाही. बंद खोलीत तीन मिनिटांत पाणी उकळणारी शेगडी उघड्यावर हार खाते आणि चार मिनिटे घेणारी, पण ज्योत खोलगट वाटीत राखणारी शेगडी काम फत्ते करते. हा फरक त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

यावर उपाय म्हणून अनेक जण पत्र्याचा आडोसा चारही बाजूंनी गुंडाळतात, त्याविषयी इथे बजावून सांगणे मला आवश्यक वाटते. डबीवर बसणाऱ्या शेगडीभोवती असा पूर्ण आडोसा कधीही करू नये, कारण भांड्यावरून परतलेली धग आत कोंडते, डबी तापते, तिच्यातला दाब वाढतो आणि ती फुटू शकते. आडोसा वाऱ्याच्या बाजूला अर्धवट असावा आणि मधूनमधून डबीला हात लावून पाहावा. हाताला गरम लागली की शेगडी तत्काळ बंद करावी. नळीने जोडलेल्या शेगडीला, डबी आडोशाबाहेर ठेवून, बर्नरभोवती पूर्ण आडोसा करता येतो. त्या जास्तीच्या वजनाचा हा दुसरा मोबदला.

निसटणारी धग अडवण्याचा विचार जुनाच आहे. नॉर्वेचे संशोधक फ्रिड्यॉफ नान्सेन १८९५ साली उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाले, तेव्हा त्यांनी रॉकेलच्या प्रायमस स्टोव्हवर असे भांडे बसवले होते की आतल्या भांड्याभोवतीच्या पोकळीतून वर जाणारी झळ बाहेरच्या भांड्यातला बर्फ वितळवीत असे. आज बुडाला धातूच्या पन्हळी पट्ट्या जोडलेली आणि शेगडीवर अडकवून घट्ट बसवायची भांडी मिळतात, ती याच जातीची. त्यांत लिटरभर पाण्याला दहा ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो, वाऱ्यातही ती पुष्कळ टिकून राहतात आणि भांडे जागचे हलत नाही. ज्यांना फक्त पाणी उकळून पाकिटातले जेवण भिजवायचे आहे किंवा गरम पेय प्यायचे आहे, त्यांनी हीच घ्यावीत. शिजवण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. यांतल्या पुष्कळ शेगड्यांची आच मंद होत नाही, एका जागी धग लागते आणि घट्ट पदार्थ बुडाला करपतो. शिवाय उंचीवर पाणी लवकर उकळते म्हणून अन्न लवकर शिजते असे नाही. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे शिजायला उलट जास्त वेळ लागतो.

डबीत कोणता गॅस आहे, हे तर फारच थोडे लोक वाचतात. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या जरासा खाली द्रवरूपच राहतो, म्हणून गारठ्यात ज्योत मलूल होऊन विझते. आयसोब्युटेन उणे १२ अंशांपर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो. निव्वळ प्रोपेनचा दाब पातळ पत्र्याच्या डबीला झेपत नाही, म्हणून त्यांचे मिश्रण भरतात. जळताना डबी स्वतःच गार होत जाते आणि प्रोपेन आधी संपतो. पहाटे अर्धी रिकामी डबी दगा देते ती यामुळेच. रात्री ती झोपण्याच्या पिशवीत पायथ्याशी ठेवली, की सकाळी पहिल्या काडीला पेटते. शेगडीला ठिणगीचे बटण असले तरी ओलाव्यात आणि उंचीवर ते हमखास काम करील असे नाही. लायटर आणि कोरडी काडेपेटी दोन्ही बरोबर असावीत. कडाक्याच्या थंडीत दीर्घ मोहीम असेल, तर पंपाने दाब भरायचा द्रव इंधनाचा स्टोव्ह अजूनही सर्वांत भरवशाचा आहे, मात्र तो पेटवण्याचा सराव घरून करून जावा लागतो. स्पिरिटची शेगडी निःशब्द, स्वस्त आणि बिघडायला काही नसलेली असते. परंतु तिची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतच नाही आणि विझली असे समजून त्यात पुन्हा स्पिरिट ओतणाऱ्यांचे हात-तोंड भाजते. ती पूर्ण निवल्याशिवाय तिच्यात थेंबही ओतू नये.

इंधन कोणतेही असो, बंद तंबूत शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि गुंगी आलेल्या माणसाला आपल्याला काय होते आहे हे कळतही नाही. आपल्या तक्त्याखाली ही एक ओळ ठळक अक्षरांत छापली असती, तर उरलेल्या सगळ्या माहितीपेक्षा तिचा उपयोग अधिक झाला असता.

माझी विनंती अशी की, पुढील वेळी अशी तुलना छापताना पाणी बंद खोलीत उकळले की वाऱ्यात, हवेचे तापमान किती होते, किती ग्रॅम गॅस लागला आणि किती मोठे भांडे त्या पायांवर डगमगल्याशिवाय राहिले, हे रकाने घालावेत. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक टेबलफॅन, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणि उघडी गच्ची एवढ्यावर हे मोजता येते. डबीचे आधीचे व नंतरचे वजन करून मी माझ्या शेगड्यांची अशी नोंद ठेवली आहे आणि आपल्याला हवी असल्यास ती आनंदाने पाठवीन.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक