पानभर लेखात टिरोचं नाव नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन रोममधल्या लेखक-विचारवंतांवर पानभर लेख आला होता. आवडला, कारण रोम म्हटलं की आपल्याकडे तलवारी आणि ग्लॅडिएटर यांच्यापुढे कोणी जात नाही. सिसेरो, व्हर्जिल, होरेस, प्लिनी सगळे आलेत त्यात. पण एक गोष्ट अशी खटकली की दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसले. अख्ख्या पानात सिसेरोचा लेखनिक टिरो याचं नाव एकदाही नाही.

मी 33 वर्षं लघुलेखिका म्हणून नोकरी केली, निम्नश्रेणीला लागले आणि उच्चश्रेणीला रिटायर झाले. साहेब येरझाऱ्या घालत बोलणार, आपण मान खाली घालून पेन्सिलीने आउटलाइन, म्हणजे शॉर्टहँडच्या खुणा, मारत जायच्या, मग टाइप करून कागद पुढे ठेवला की त्याच्यावर सही साहेबांची. शॉर्टहँडच्या क्लासला पहिल्याच दिवशी सरांनी टिरोचं नाव सांगितलं होतं, दोन हजार वर्षांपूर्वी हे काम करणारा माणूस म्हणून, आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल जे मिळेल ते वाचत आलेय.

टिरो हा सिसेरोच्या घरचा गुलाम. इ.स.पू. 53 मध्ये सिसेरोने त्याला मुक्त केलं, आणि मग रिवाजाप्रमाणे त्याला मालकाचंच नाव लागलं, मार्कस टुलियस टिरो. डिक्टेशन घेणं, नकला तपासणं, हिशोब बघणं, लायब्ररी लावणं, सगळं त्याच्याकडे. एका पत्रात सिसेरो त्याला थट्टेने म्हणतो की अरे तू तर माझ्या लिखाणाचा मापदंड, मग हा शब्द असा चुकीचा कसा वापरलास. म्हणजे रोमचा सगळ्यात मोठा वक्ता आपली भाषा कोणाकडून तपासून घेत होता ते बघा. आणि टिरो आजारी पडला तेव्हा लिहितो की तू नाहीस तर माझं लिखाणही मलूल झालंय. पुढे इ.स.पू. 50 मध्ये प्रांताचा कारभार संपवून परत येताना टिरोला तापामुळे ग्रीसमध्ये पात्राई गावी मागे ठेवावं लागलं, तर सिसेरो जिथे जहाज थांबेल तिथून त्याला पत्र टाकतोय, घाई करू नकोस, डॉक्टरचं ऐक, समुद्र शांत असेल तेव्हाच निघ. ती पत्रं आजही आहेत, वाचताना मला दर वेळी भरून येतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते, ती कोणा प्रोफेसरपेक्षा आम्हालाच जास्त कळेल. इ.स.पू. 45 मध्ये सिसेरोला एक पत्र फार जपून, तोलून मापून लिहायचं होतं. तो मित्राला कळवतो की ते मी टिरोला सांगितलं नाही, कारण टिरो अख्खी वाक्यंच्या वाक्यं एका दमात उतरवतो, म्हणून स्पिंथारस नावाच्या दुसऱ्या लेखनिकाला बसवलं आणि एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. माझे हात वाचता वाचता थांबले. साहेबांना विचार करत बोलायचं असलं की त्यांना स्लो टायपिस्ट बरा वाटतो आणि मसुदा डोक्यात तयार असला की फास्ट स्टेनो लागतो, हे मी स्वतः अनुभवलंय, आणि तेच दोन हजार वर्षांपूर्वी एका ओळीत लिहून ठेवलेलं.

त्यांच्याकडे कागद-पेन्सिल नव्हती, लाकडी पाट्यांवर मेणाचा थर आणि त्यावर टोकदार सळईने खुणा. इ.स.पू. 63 च्या 5 डिसेंबरला सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलाइनच्या कटवाल्यांचं काय करायचं यावर सिनेटमध्ये, म्हणजे रोमच्या राज्यसभेत, चर्चा झाली, तेव्हा सिसेरोने हुशार लेखनिकांना शॉर्टहँडच्या खुणा शिकवून सभागृहात जागोजागी बसवलं होतं, आणि तिथे बोललेल्या कॅटो या पुढाऱ्याचं भाषण टिकलं ते त्यामुळे, असं प्लूटार्क या जुन्या चरित्रकाराने लिहिलंय. मार्शल नावाच्या कवीने तर आमच्या धंद्यातल्या माणसावर दोन ओळी केल्यात, त्याचा भावार्थ असा की शब्द कितीही धावोत, हात त्यांच्याहून वेगवान, जिभेचं काम संपायच्या आधी हाताचं संपलेलं असतं. थोरला प्लिनी प्रवासात पुस्तक आणि पाट्या घेतलेला लेखनिक शेजारी बसवायचा, आणि थंडीत त्या लेखनिकाचे हात झाकलेले असायचे, का तर गारठ्यामुळे अभ्यासाचा एक क्षणही वाया जाऊ नये. लेखात प्लिनी किती वाचायचा त्याचं कौतुक आहे, बरोबरच आहे, पण जेवताना त्याला मोठ्याने वाचून दाखवणारा आणि ते थंडीतले हात, त्यांचं काय?

मी हे सगळं गोड करून सांगत नाहीये. मालक प्रेमळ असला तरी मालकच. इ.स.पू. 61 मध्ये सिसेरोला मोठ्याने वाचून दाखवणारा गुलाम सोसिथियस वारला, तरुण आणि आनंदी मुलगा, तर सिसेरो लिहितो की गुलामाच्या मृत्यूने व्हावं त्यापेक्षा मला जास्तच दुःख झालंय. दुःख खरं आहे, पण त्याचीही लाज वाटतेय, हे वाक्य मला टोचतं. आणि डायोनिसियस म्हणून त्याचा लायब्ररी सांभाळणारा गुलाम बरीच पुस्तकं चोरून थेट समुद्रापलीकडच्या इलिरिया प्रांतात पळाला, तर त्याला पकडून आणा म्हणून सिसेरोने तिथल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली. इतकी पुस्तकं हाताळणाऱ्या माणसाला पळावंसं का वाटलं असेल हे मला तरी समजतं.

इ.स.पू. 43 मध्ये सिसेरोची हत्या झाली. त्यानंतर टिरोने त्याचं चरित्र लिहिलं, ते आज हरवलंय, पण सिसेरोची पत्रं जपून पुढे देण्यात त्याचा मोठा वाटा होता असं मानतात. ती 900 च्या वर पत्रं नसती तर तुमच्या लेखकाने सिसेरोबद्दल जे लिहिलंय त्यातलं निम्मं लिहिता आलं नसतं. म्हणून विनंती आहे की पुढच्या एखाद्या रविवारी टिरो, सोसिथियस, स्पिंथारस यांच्यासाठी अर्धा कॉलम तरी काढा, मी फुकट लिहून द्यायला तयार आहे, टाइप करून देईन.

टिरोच्या नावाने चालणाऱ्या शॉर्टहँडच्या खुणा मध्ययुगातले ख्रिस्ती मठवासी शेकडो वर्षं वापरत राहिले, आणि त्यातली एक अजून रस्त्यावर आहे. माझा भाचा आयर्लंडला असतो, त्याला सांगून फोटो मागवला. तिथल्या पाटीवर आयरिश भाषेतल्या दोन शब्दांच्या मध्ये इंग्रजी 7 सारखं काहीतरी दिसतं, ती टिरोची 'आणि'ची खूण. फोटो सोबत पाठवतेय, जागा असेल तर छापा.

कळावे,
एक निवृत्त लघुलेखिका, सातारा