बेनीला पत्र: आपला सेफेर मुंबईला न्यायचं चाललंय

बेनी,

शालोम. तब्येत बरी आहे, शुगर गोळ्यांवर चाललीय, गुडघा जिन्यापुरता त्रास देतो, बस. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे तुझ्या मुलीच्या मेसेजवरून कळलं. नातू आर्मीत गेला म्हणे, एलियाहू हनाबी, आपला संदेष्टा एलिया, त्याला सांभाळो, त्याच्या नावाने मलिद्याचा नवस बोललोय.

आता मुद्द्याचं. रविवारी ट्रस्टची मिटिंग झाली, आणि आपला सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची ही हाताने लिहिलेली गुंडाळी, मुंबईच्या मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये, न्यायचा असं सगळ्यांचं मत पडलं. मग माझ्याबद्दल म्हणाले, प्रार्थना चालवणारे हे हझान इतकी वर्षं सांभाळतायत, त्यांचा होकार आल्याशिवाय हात लावायचा नाही. मी आठवडाभराची मुदत मागितली. आणि तुला लिहितोय, कारण पेटीवरच्या चांदीच्या घंट्या तुझ्या आजोबांच्या, आणि हेखालातून, त्या पडद्यामागच्या कपाटातून, सेफेर काढून वाचायच्या चौथऱ्यावर, तेबावर, नेताना छातीशी ते वजन कसं लागतं हे माहीत असलेला माणूस गावात आता मी सोडून कोणी नाही.

त्यांचं म्हणणं खोटं नाही रे. एकेकाळी आपण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, वीस हजारांच्या घरात होतो, आता देशात जेमतेम चार-पाच हजार, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. इथे शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, आम्ही चार पुरुष, कधी पाच. दहा झाल्याशिवाय सेफेर उघडून वाचता येत नाही, कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही, मग मी पराशा, म्हणजे त्या आठवड्याचा उतारा, छापील पुस्तकातून वाचतो आणि सेफेर पडद्यामागे उभाच्या उभा. त्यात हा कोकणातला पाऊस. चामड्यावर हाताने लिहिलेली तीन लाख चार हजार आठशे पाच अक्षरं, त्यातलं एक जरी तडकलं तरी तो सेफेर वाचनाला चालत नाही. दर दसऱ्याच्या सुमारास मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत गुंडाळत वारं देतो. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा कौलं पत्त्यांसारखी उडाली, वर लॉकडाऊन, मुंबईहून कोणी येणं शक्य नव्हतं, शेजारच्या कोळीणबाईचा मुलगा आणि मी ताडपत्रीत गुंडाळून सेफेर माझ्या घरी आणला, रात्रभर पलंगावर तो आणि खाली जमिनीवर आम्ही. त्या बाईची सून अजून मी गावाला नसलो की दिव्यात खोबरेल घालते, हे तुला सांगितलंय का?

तुझ्या काकांनी किल्ली हातात दिली तेव्हा मी पोर्ट ट्रस्टमध्ये क्लार्क होतो. शुक्रवारी हाफ डे टाकून भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, तिथून एसटी, आणि दिवेलागणीच्या आत मशीद उघडायची. परवा बाहेरगावचे पाहुणे आले होते, मला राबी राबी करत होते. आपल्यात राबी कधी होते? येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, शिकून स्मिखा, म्हणजे राबीपदाची मान्यता, घेतलेला माणूस या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या नव्हता, जे काही होतं ते हझानच्या डोक्यावर. कोंबडी कापायची, पोराचा ब्रिथ मिला म्हणजे सुंता, लग्नाचा करार म्हणजे केथुबा लिहायचा, मयताला आंघोळ घालायची. बेनी, मी ज्यांचं नाव ठेवलं त्यातल्या काहींचं लग्न लावलं आणि काहींना मातीही दिली. आणि हे सगळं मला आवडलं. पगार कुणी विचारला तर मी उत्तरच देत नाही, ते कामच वेगळं होतं.

तू म्हणशील, इकडे इस्रायलला ये, दिमोनात दहा काय शंभर मिळतील. आपलं ते भांडण परत नको. 1962 मध्ये तिथल्या राबींनी आपल्या लोकांच्या लग्नाआधी आईची, आजीची चौकशी करायला सांगितली, आपली माणसं जेरुसलेमला ठाण मांडून बसली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटला, तिथल्या संसदेला, सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. हे सगळं पेपरात वाचून मोठे झालो आणि तरी तू निघालास, म्हणून मी विमानतळावर आलो नाही. आजही मला ती चौकशी पटत नाही. पण तुझ्या मुलीच्या लग्नाला आजी-आजोबांचा केथुबा मागितला गेला तेव्हा तो याच मशिदीच्या रजिस्टरात सापडला ना? कोणीतरी इथे राहिलं म्हणूनच सापडला.

आणि तू दारफाळणीच्या सणाला, योम किप्पूरच्या कडक उपासाला, विहिरीमागे केळं खाल्लंस ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. काका शोफार, ते शिंग, फुंकायला उभे, सगळे पांढऱ्या कपड्यात, आणि तुझ्या सदऱ्यावर केळ्याचा डाग! आईने विचारलं तर म्हणालास मेणबत्तीचं मेण. आता लिहितानासुद्धा हसू येतंय.

तर माझं मन असं आहे: सेफेर जाऊ दे. वाचण्यासाठी लिहिलेली वस्तू आहे ती, तिकडे दर शब्बाथला दहा माणसं उभी राहतात, पोरं तेराव्या वर्षीच्या बार मिट्झवाला त्यातून वाचतील. इथे ठेवला तर माझ्यानंतर त्याला वारं कोण देणार? पण हेखाल रिकामं बघायचं, पडदा ओढायचा आणि मागे काही नाही, हे मला झेपेल असं वाटत नाही. तीन रात्री झोप नाही. म्हणून मी अट घालणार आहे. नव्याच्या सणापासून, म्हणजे आपल्या नववर्षापासून, तोरावाचन पूर्ण होण्याच्या सणापर्यंत, सिमखा तोरापर्यंत, दरवर्षी तो इथे परत यायचा, तेव्हा मुंबई-ठाण्याची मंडळी येतातच, दहा पुरुषांचं मिन्यान होतं. ही अट ठरावात लिहून घेणार, तोंडी नाही. रजिस्टरं मात्र कुठेच जाणार नाहीत, ती स्कॅन करून घेतोय, भाची मदत करते.

राहिला घंट्यांचा प्रश्न. त्या सेफेरबरोबर पाठवायच्या की इथे ठेवायच्या, हे तुमच्या घरचं दान म्हणून तुम्हीच सांगायचं. तुझ्या भावालाही विचार, आणि फोनवर नको, सही करून कागदाचा फोटो पाठव, ट्रस्टींना दाखवायचाय. शनिवार संपल्यावर लगेच पाठवलास तर रविवारच्या मिटिंगला मिळेल.

तुझा,
हझान