‘माती’ची ‘माता’ झाली : छापून आलेल्या खेळाच्या पत्त्यांबाबत तक्रार

कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
दिनांक : ९ सप्टेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : म्हणींच्या पत्त्यांचे १०० संच ठरलेल्या मापात व ठरलेल्या कागदावर न मिळाल्याबाबत

महोदय,

गावातलं वाचनालय आणि आसपासच्या शाळा यांना भेट देण्यासाठी मी तुमच्याकडून म्हणींचे पत्ते छापून घेतले. एका संचात ६० पानं. अर्धी म्हण एका पानावर, उरलेली दुसऱ्यावर, खाली चित्र. जोड्या जुळवायच्या. पार्सल २१ ऑगस्टला आलं. गणपतीला मुंबईहून मुलं यायची होती म्हणून त्याच रात्री एक संच फोडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला फोन केला. ‘‘मॅडम, पत्ते म्हणजे पत्ते. दोन-चार मिलिमीटरने काय होतं?’’ असं उत्तर मिळालं. काय होतं ते या पत्रात लिहिते आहे.

माप ठरलं होतं ६३ बाय ८८ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या भाषेत पोकर साइज. आलेली पानं ५७ बाय ८९ची आहेत, म्हणजे ब्रिज साइज. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात तेरा पानं एका हातात धरावी लागतात म्हणून तो पत्ता अरुंद असतो, हे मला तुमच्याच माणसाने जुलैत सांगितलं होतं. मुलांच्या हाताला तो बरा पडेल, असा विचार मीही केला होता. पण आमची पानं आडवी आहेत. म्हण वरच्या कडेलगत छापलेली, म्हणजे पानं एकावर एक सरकवून धरली तरी ती ओळ दिसते. त्यामुळे जे ६ मिलिमीटर गेले ते वरून ३ आणि खालून ३ असे गेले. तुमच्या टेम्प्लेटमध्ये कटिंगच्या रेषेपासून ३ मिलिमीटर आत मजकूर ठेवा असं लिहिलं होतं. मी तो बरोबर तिथेच ठेवला. तुम्ही कापलंतही बरोबर तिथेच, वर कापताना एखादा मिलिमीटर सरकला तो वेगळाच.

इंग्रजी अक्षर असतं तर कदाचित निभावलं असतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा असतात, त्याच छाटल्या गेल्या. ‘अति तेथे’ या पानावर आता ‘आत तथ’ दिसतं आणि त्याच्या जोडीच्या ‘माती’ची ‘माता’ झाली आहे. ‘पी हळद’चं ‘पा हळद’, ‘हो गोरी’चं ‘हा गारा’. एका संचात अशी २३ पानं मी मोजली. चाळीस वर्षं मुलांचं शुद्धलेखन तपासलं, ही पानं मी शाळेत कोणत्या तोंडाने देऊ?

आता कागद. यावर आपलं तीनदा बोलणं झालं होतं. प्लास्टिकचे म्हणजे पीव्हीसीचे पत्ते आमच्या पावसाळ्याला बरे, असं मला वाटत होतं. ते हातातून फार निसटतात म्हणून तुम्ही ३१० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३१० ग्रॅम वजनाचा) ब्लॅक कोर कागद आणि दोन्ही बाजूंना लिनन फिनिश सुचवलंत. मधला काळा थर उजेड आरपार जाऊ देत नाही आणि लिननच्या बारीक खाचांमुळे पानं एकमेकांना चिकटत नाहीत, हे मला पटलं. साध्या कार्डापेक्षा जास्त पैसे मोजले ते त्यासाठीच. बिलावरही तसंच लिहिलं आहे. मी एक पान फाडून पाहिलं. आत पांढरंशुभ्र. साधं आर्ट कार्ड, तेही चित्राच्या बाजूलाच ग्लॉस लॅमिनेशन केलेलं, मागची बाजू उघडी.

गणपतीच्या दुसऱ्या रात्री आरतीनंतर खेळायला बसलो. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर ट्यूबलाइट होती. समोर बसलेली नात, वय वर्षं आठ, पाचव्या मिनिटाला म्हणाली, ‘‘आजी, अंगण वाकडं तुझ्याकडेच आहे!’’ खेळ तिथेच संपला. दोन दिवसांत पानं चित्राच्या बाजूला पापडासारखी वळली, कारण उघडी बाजू दमट हवा पिऊन फुगते आणि लॅमिनेशनची बाजू फुगत नाही. मागे मोदकाच्या तुपाचा डाग पडलेलं पान कोणतं, हे तर आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

११ जुलैला मी प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मंजूर केलं, हे तुम्ही फोनवर दोनदा ऐकवलंत. केलं होतं. त्यावर ६३ बाय ८८ असंच लिहिलं आहे, सोबत जोडलं आहे. माप का बदललं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, म्हणून मी हिशेब मांडून पाहिला. १३ बाय १९ इंची शीटवर ब्लीड (कापण्यासाठी पानाभोवती सोडलेली जादा छपाई) आणि शीटच्या कडेची कोरी जागा धरून पोकरची १८ पानं बसतात, ब्रिजची २१. म्हणजे ६० पानांना चारऐवजी तीनच शीट लागतात. शंभर संचांत शंभर शीट वाचली. हा केवळ योगायोग असेल तर तसं लेखी कळवा.

मला पैसे परत नकोत, पत्ते हवे आहेत. ठरलेल्या मापात, ठरलेल्या कागदावर १०० संच पुन्हा छापून द्या. त्याआधी एक पूर्ण संच नमुना म्हणून पाठवा, पडद्यावरचं प्रूफ आता चालणार नाही. जुने ९९ संच तुमच्या खर्चाने घेऊन जा. शंभरावा फोडलेला आहे, तो पुरावा म्हणून माझ्याकडे राहील. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

सोबत बिल, मंजूर प्रूफ, पट्टी ठेवून काढलेले पानांचे फोटो आणि फाडलेल्या पानाचे दोन तुकडे पाठवत आहे. फोन दुपारी चारनंतर करावा, त्याआधी मी वाचनालयात असते.

आपली,
ऑर्डर नोंदवणारी ग्राहक